पीएच.डी.नंतर पोस्टडॉक: केव्हा, कुठे आणि कोणाच्या पैशावर

बडोद्याच्या एका तरुण संशोधिकेने मला पत्र लिहून सल्ला विचारला आहे. सूक्ष्मजीवशास्त्रातला प्रबंध तिने सहा महिन्यांपूर्वी विद्यापीठात सादर केला. परीक्षकांचे अहवाल यायचे असल्यामुळे व्हायवा (तोंडी परीक्षा) अजून झालेली नाही. दरम्यान तिने युरोप-अमेरिकेतल्या ६० प्रयोगशाळांना पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षे करायच्या संशोधनासाठी, मेल पाठवले. तीन उत्तरे आली आणि तिन्ही नकाराची. घर दांडिया बाजारात, वडील निवृत्त, आणि घरच्यांचे म्हणणे असे की आता एखाद्या औषध कंपनीत नोकरी धरावी. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: मेलांना उत्तर का येत नाही, परदेशी जावे की भारतातच राहावे, आणि फेलोशिपचे अर्ज नेमके केव्हा करावेत. मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केल्यावर साडेचार वर्षे जर्मनीत आणि दोन वर्षे बेंगळुरूत पोस्टडॉक म्हणून काम केले, आणि गेली अठरा वर्षे बडोद्यात शिकवते आहे. दर वर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्या अनुभवावर हे उत्तर लिहीत आहे.

तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तिथे झालेली चूक नंतर भरून काढता येत नाही. बहुतेक फेलोशिपा तुमचे वय पाहत नाहीत, पीएच.डी. मिळाल्यापासून किती काळ गेला ते पाहतात. एम्बो या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी अर्जाच्या वेळी पीएच.डी. होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम तीन वर्षे देतो, जर्मनीचे हुम्बोल्ट प्रतिष्ठान पोस्टडॉकसाठी चार वर्षे देते, आणि युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी फेलोशिप आठ वर्षांपर्यंतचा संशोधनानुभव चालवून घेते. अपत्यसंगोपनासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेल्या खंडाची सवलत बहुतेक ठिकाणी मिळते, पण ती मागावी लागते आणि कागदपत्रांनी सिद्ध करावी लागते. भारतात मात्र वयाची अट अजून ठळक आहे. इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिपसाठी ३२ वर्षे ही वरची मर्यादा आहे, आणि राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी सर्वसाधारण उमेदवाराला ३५; महिलांना आणि राखीव प्रवर्गांना तिथे पाच वर्षांची सूट आहे.

आता तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. आपल्याकडे प्रबंध सादर होणे, व्हायवा होणे, विद्यापीठाचे नोटिफिकेशन निघणे आणि पदवीदान समारंभात प्रमाणपत्र हाती पडणे या चार वेगवेगळ्या तारखा असतात, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत सहज दीड वर्ष जाते. काही योजना व्हायवा यशस्वीपणे पार पडल्याचा दिवस धरतात, काही पदवीवरची तारीख. त्यामुळे व्हायवा झाल्याच्या आठवड्यातच विद्यापीठाकडून असे पत्र मिळवा की पीएच.डी.च्या सर्व अटी अमुक तारखेला पूर्ण झाल्या आहेत. कार्यालयात चार खेपा पडतील, तरी ते पत्र सोडू नका. माझ्या एका विद्यार्थ्याची हाती आलेली जागा केवळ हा कागद दोन महिने उशिरा मिळाल्यामुळे दुसऱ्याला गेली. दुसरे असे की व्हायवा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. होस्ट म्हणजे यजमान प्रयोगशाळा शोधणे, प्रस्ताव लिहिणे आणि शिफारसपत्रांची तयारी करणे ही कामे पदवीशिवाय होतात आणि त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो. क्यूरी फेलोशिपचा अर्ज साधारणपणे सप्टेंबरात जातो, निकाल पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास लागतो आणि काम त्यानंतर सुरू होते. म्हणजे होस्टशी पहिले बोलणे आदल्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेले असावे लागते. मी विद्यार्थ्यांना दीड वर्षाचा हिशेब धरायला सांगते.

मेलांबद्दल. ६० पैकी दोन मेल तुम्ही मला दाखवलेत आणि ते दोन्ही शब्दशः सारखे आहेत. फक्त वरचे नाव बदललेले आहे. सुरुवातीला ‘आदरणीय सर’ (त्यातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आहेत), मग आपण अत्यंत मेहनती असून नामांकित प्रयोगशाळेत काम करण्यास उत्सुक आहोत हे वाक्य, मग पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट आणि एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली नेहमीची तंत्रे येत असल्याची यादी, आणि शेवटी चार पानी बायोडेटा. तुम्ही प्रबंधात काय शोधून काढलेत, हे त्यात कुठेच नाही. ज्या माणसाला असे मेल रोज येतात, तो ते दोन ओळींवर थांबवतो. हे उद्धटपणाने होत नाही. त्याच्यापाशी वाचण्याजोगे काही ठेवलेलेच नसते.

परवा तुम्ही घरी आलात तेव्हा मी तुम्हाला प्रबंध बाजूला ठेवून तोंडी सांगायला लावले, आणि पाच मिनिटांत जे बाहेर आले ते मेलपेक्षा कितीतरी चांगले होते. तुमच्याच शब्दांत ते असे होते: फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल तयार करून सोडतात आणि पिकोव्स्काया या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या बशीत वसाहतीभोवती फॉस्फेट विरघळल्याचे स्वच्छ वलय दिसते. पण आपल्याकडच्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीची बफर क्षमता, म्हणजे आम्ल पडले तरी सामू (पीएच) टिकवण्याची ताकद, इतकी मोठी असते की तेवढ्या आम्लाने तिचा सामू हलत नाही, आणि बशीत उत्तम ठरलेला जिवाणू शेतात निष्प्रभ होतो. तुम्ही बफर घातलेल्या माध्यमावर निवड करून दोन स्ट्रेन (जिवाणूंचे उपप्रकार) मिळवलेत, त्यांतल्या एकात ते आम्ल बनवणारे ग्लुकोज डीहायड्रोजिनेज हे विकर जास्त काळ सक्रिय राहते हे दाखवलेत, आणि तरीही तो स्ट्रेन मुळांवर इतर जिवाणूंपुढे तीन आठवड्यांत मागे पडतो हेही दाखवलेत. यातले शेवटचे वाक्य तुम्ही अपयश म्हणून प्रबंधाच्या तळाशी टाकले आहे. माझ्या मते तुमचे पोस्टडॉक तिथूनच सुरू होते. जिवाणू एकटा चांगला असून समूहात का टिकत नाही, हा आज जगभर विचारला जाणारा प्रश्न आहे. कोलोनच्या माक्स प्लांक वनस्पती प्रजनन संशोधन संस्थेत ठरावीक जिवाणूंचे कृत्रिम समूह निर्जंतुक रोपांच्या मुळांवर वाढवून असेच प्रश्न सोडवले जातात. नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्येही वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या नात्यावर मोठे काम चालते. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्था आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या विषयाला जवळच्या आहेत.

तेव्हा नवा मेल बारा-पंधरा ओळींचा असावा. पहिल्या दोन ओळींत तुमचा निष्कर्ष. पुढच्या तीन-चार ओळींत त्या प्रयोगशाळेच्या एका विशिष्ट पेपरमधली कोणती पद्धत किंवा कोणते निरीक्षण तुमच्या अडलेल्या प्रश्नाला लागू पडते ते. मग तुम्हाला कोणत्या फेलोशिपसाठी त्यांच्यासोबत अर्ज करायचा आहे आणि तिची मुदत कधी आहे. आणि शेवटी दोन पानी बायोडेटा व तीन शिफारसकर्त्यांची नावे. असा एक मेल लिहायला दोन दिवस लागतात, कारण पेपर खरोखर वाचावे लागतात. असे आठ मेल पुरतात. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र पाठवावे आणि पुढे जावे. इंडियाबायोसायन्स, युरॅक्सेस आणि संस्थांची स्वतःची संकेतस्थळे यांवरच्या जाहिराती अवश्य पाहत राहा, पण पुष्कळ जागांची जाहिरात निघतच नाही. त्या अशा पत्रव्यवहारातून किंवा परिषदेत पोस्टरसमोर झालेल्या बोलण्यातून भरल्या जातात.

आता पैसा कोणाचा, हा मुद्दा. पोस्टडॉकची जागा दोन तऱ्हेने मिळते. एकतर प्रयोगशाळाप्रमुखाच्या ग्रँटमधून (संशोधन अनुदानातून) पगार मिळतो, किंवा तुम्ही स्वतःची फेलोशिप घेऊन जाता. पहिल्या तऱ्हेत जागा लवकर मिळते, पण ग्रँटमध्ये लिहिलेले काम करावे लागते आणि निघताना तो विषय बहुधा तिथेच ठेवावा लागतो. दुसरीत वेळ जातो, नकार पचवावे लागतात, पण प्रश्न तुमचा असतो. पुढे स्वतःची प्रयोगशाळा उभारायची असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून होकार देण्याआधीच विचारावे की जाताना यातला कोणता भाग मला सोबत नेता येईल. हा प्रश्न विचारायला आपली मुले संकोचतात. पण चांगल्या प्रमुखाला तो आवडतो, आणि ज्याला आवडत नाही त्याच्याकडे जाऊ नये.

एम्बो दोन वर्षांची फेलोशिप देते. भारत २०१६ पासून तिच्या परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, देश बदलणे तिथे बंधनकारक आहे, आणि प्रथम लेखक म्हणून निदान एक पेपर लागतो. प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधी खुला केलेला पेपर) ग्राह्य धरतात. ह्यूमन फ्रंटियरची फेलोशिप तीन वर्षांची आहे आणि तिची अट मला फार महत्त्वाची वाटते: केवळ देश बदलून भागत नाही, पीएच.डी.पासून विषयातही खरोखर दूर जावे लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकीत पीएच.डी. करून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी तिचा वेगळा विभागच आहे. क्यूरी फेलोशिपचा प्रस्ताव दहा पानांत बसवावा लागतो. त्यात वैज्ञानिक गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के गुण असतात. आपले अर्ज बहुधा शेवटच्या दोन विभागांत मार खातात, कारण आपण ती पाने आदल्या रात्री भरतो. स्पर्धाही फार वाढली आहे. २०२५ च्या फेरीत १७,००० हून अधिक अर्ज गेले. हुम्बोल्टचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो आणि यजमान प्राध्यापकाचे पत्र त्यात फार वजनदार ठरते.

अमेरिकेबद्दल थोडे सांभाळून लिहिते. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एफ३२ आणि टी३२ या प्रशिक्षण फेलोशिपा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात; परदेशी पोस्टडॉकला बहुतांशी प्रमुखाच्या ग्रँटवर अवलंबून राहावे लागते. त्याच संस्थेचे के९९ हे अनुदान मात्र परदेशी नागरिकालाही मिळू शकते, आणि त्यासाठी पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त असून चालत नाही. जे-१ व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. परतून दोन वर्षे मायदेशी राहण्याची जी अट पूर्वी अनेक भारतीयांना लागत असे, ती ज्या देशांना लागू होते त्यांच्या कौशल्यसूचीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव निघाले. तरी सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अट अजून लागू होऊ शकते, म्हणून व्हिसावरची नोंद वाचून घ्यावी. जर्मनीत कराराची नोकरी आणि स्टायपेंड यांतला फरक समजून घ्या. करार असेल तर आरोग्य विमा, निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा त्यातच येतो. माझे पहिले दीड वर्ष स्टायपेंडवर गेले. हातात येणारी रक्कम बरी दिसत होती, पण विमा स्वतः भरल्यावर आणि घरभाडे दिल्यावर महिन्याच्या विसाव्या तारखेला खाते रिकामे होत असे.

भारतात आज रिसर्च असोसिएटला, २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार, श्रेणीप्रमाणे ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये महिन्याला आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. बडोद्याच्या मानाने हे पैसे थोडे नाहीत. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी आधी सर्ब हे केंद्र सरकारचे संशोधन मंडळ देत असे आणि आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देते, दोन वर्षांची असते. जैवतंत्रज्ञान विभागाचा रिसर्च असोसिएट कार्यक्रम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालतो. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची आहे. तिच्यात तुमचा स्वतःचा प्रश्न, स्वतःचा खर्चाचा आराखडा आणि मुलाखतीत त्याचे समर्थन, हे सगळे तुम्हालाच करावे लागते. आपल्या देशातली सर्वांत चांगली पोस्टडॉक संधी मी तिला मानते. परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप आहे. भारतातल्या योजनांची एक अडचण उघड सांगायला हवी: पैसा कधी कधी फार उशिरा येतो. बेंगळुरूत असताना एका योजनेचा माझा हप्ता सात महिने आला नव्हता आणि मी आईकडून पैसे घेऊन भाडे भरले. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय शहर बदलू नका, आणि यजमान संस्था मधल्या काळात आगाऊ रक्कम देते का, ते आधी विचारा.

तर परदेश की भारत? माझे मत असे की ज्या पद्धतीवाचून तुमचा प्रश्न अडला आहे ती जिथे शिकता येईल तिथे जावे, आणि देश त्यामागून ठरावा. ती पद्धत पुण्यात किंवा हैदराबादेत असेल तर तिकडे जायला अजिबात कमीपणा मानू नये. फक्त एक करू नये: ज्या विभागात पीएच.डी. केली तिथेच, त्याच गाइडच्या हाताखाली, त्याच विषयावर रिसर्च असोसिएट म्हणून चार वर्षे काढू नयेत. गाइडला ते सोयीचे असते, घरच्यांनाही बरे वाटते, पण पुढच्या प्रत्येक निवड समितीत ‘यातले तुमचे स्वतःचे काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसते.

आपल्या गावातलेच उदाहरण देते. वेंकटरामन रामकृष्णन बडोद्यात वाढले. त्यांचे वडील आपल्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये इथून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले, १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली, आणि मग जीवशास्त्राकडे वळण्यासाठी सॅन दिएगोला दोन वर्षे पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले. त्यानंतर येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक करताना रायबोसोमचा (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा) लहान उपघटक हा विषय त्यांना मिळाला. पोस्टडॉक संपल्यावर त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ५० विद्यापीठांत अर्ज केले आणि एकाही ठिकाणी प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. ते राष्ट्रीय प्रयोगशाळांत काम करत राहिले. त्याच लहान उपघटकाची रचना त्यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केली, आणि २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्यासोबत मिळाले. नोबेलचा भाग बाजूला ठेवा. पीएच.डी.चा विषय सोडण्याचे धैर्य, आणि पोस्टडॉकमध्ये मिळालेला प्रश्न वीस वर्षे न सोडण्याची चिकाटी, या दोन गोष्टी मला त्यात तुमच्या उपयोगाच्या दिसतात.

प्रयोगशाळा निवडताना मी एक चूक केली. प्रमुखांशी दोनदा उत्तम बोलणे झाले, म्हणून तिथल्या कोणाशीही न बोलता मी होकार दिला. आठव्या महिन्यात कळले की मला दिलेला जनुक शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या पोस्टडॉकलाही दिलेला होता; ज्याचा निकाल आधी येईल त्याचा पेपर, अशी तिथली पद्धत होती. पेपर त्याचा झाला. मी नव्या विषयावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यामुळे आता मी विद्यार्थ्यांना सांगते की होकारापूर्वी त्या प्रयोगशाळेतल्या निदान दोघा सध्याच्या आणि दोघा माजी पोस्टडॉकशी बोला, आणि तेही मेलवर न करता फोनवर. गेल्या दहा वर्षांतले पोस्टडॉक आज कुठे आहेत, एकेकाला पेपर निघायला किती वर्षे लागली, एका विषयावर किती माणसे असतात, हे विचारा. पोस्टडॉक देण्यासाठी कोणी तुमच्याकडे शुल्क मागितले तर तिथेच थांबा.

शिफारसपत्रांवरून अनेक चांगले अर्ज बाद होतात. ‘हुशार, प्रामाणिक व मेहनती’ हे तीन शब्द सगळ्याच पत्रांत असतात, म्हणून त्यांना काही किंमत उरत नाही. पत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच लिहून आणायचा आणि गाइडने सही करायची, ही आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. एकाच हातची तीन पत्रे वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. तुम्ही गाइडना एक पान टिपण द्या: कोणता प्रयोग कोणाच्या कल्पनेतून निघाला, कुठे अडले, तुम्ही तो कसा सोडवला. पत्र त्यांनी स्वतः लिहावे. मागणी मुदतीच्या निदान एक महिना आधी करा.

घरच्यांच्या म्हणण्याबद्दलही लिहिते, कारण ते मला गैर वाटत नाही. १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी सुरू झाल्यापासून औषधनिर्मिती या शहराच्या अंगवळणी पडली आहे, आणि कंपनीच्या संशोधन विभागात खरे विज्ञान होते. तिथे जायचे तर मनापासून जा. पण ‘एखादे वर्ष नोकरी करते, मग पोस्टडॉक पाहते’ असा विचार असेल तर वर सांगितलेल्या मुदती आठवा: एम्बोची दोन वर्षे त्या नोकरीत निघून जातील, आणि कंपनीतले काम गोपनीय असल्यामुळे पेपरही निघणार नाहीत. वडिलांना हे वर्षांच्या आकड्यांनिशी समजावून सांगा. हवे असल्यास मी त्यांच्याशी बोलेन.

तुमच्यापुढे आता तातडीचे काम एकच आहे. तुमचा एक पेपर छापून आला आहे, पण त्यात तुम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या लेखिका आहात, आणि मुळांवरच्या स्पर्धेचे प्रकरण अजून प्रबंधातच पडून आहे. गाइडशी बोलून ते बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट म्हणून टाका, म्हणजे प्रथम लेखिका म्हणून दाखवण्याजोगे काम व्हायवापूर्वीच तुमच्या हाती राहील आणि नव्या आठही मेलांत त्याचा दुवा देता येईल. तिसऱ्या आकृतीतल्या नियंत्रण गटात फक्त तीन रोपे दिसतात. ती संख्या वाढवायला हवी, आणि बी पेरल्यापासून मोजणीपर्यंत तुमच्या पद्धतीत पाच आठवडे लागतात. तेव्हा बी याच आठवड्यात पेरा.